मेगा ड्राइव्हवर विमानांचे गेम खेळायला जॉयस्टिक: तयार घ्यावी की बनवून?

ढगफुटी (ऐरोली)

नमस्कार मंडळी.

माझ्याकडे सेगा मेगा ड्राइव्ह आहे, टीव्हीला जोडायचा जुना गेम कन्सोल, मॉडेल २. मामेभावाने दुबई सोडताना सामानातून काढून दिला. त्याच्यासोबतचं पॅड तीन बटणांचं, चिनी, डावीकडचा प्लस घासून गुळगुळीत झालेला. मी फक्त विमानांचे गेम खेळते. मारामारी नको, शर्यती नकोत. मेगा ड्राइव्हवर थंडर फोर्स ४ आणि ट्रक्स्टन. शिवाय टीव्हीमागे रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा काँप्युटर चिकटवलाय, त्यावर गॅलागा, आर-टाइप आणि डोडोनपाची.

अडचण अशी की डाव्या अंगठ्याच्या मुळाशी कळ येते. दिवसभर ऑफिसात एक्सेल, रात्री हे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अंगठ्याला आराम द्या. नवरा म्हणतो, गेम बंद कर. दुसरा सल्ला बाद आहे, पहिल्यावर विचार चालू आहे. म्हणून जॉयस्टिक.

तयार घेऊ की बनवून घेऊ? वर गोळा असलेली जपानी की लांबट दांड्याची अमेरिकन? एकच स्टिक मेगा ड्राइव्ह आणि पाय दोन्हींना चालेल का? बजेट सहा हजार, ताणून सात. सोफ्यावर बसून खेळते, समोर ३२ इंची एलईडी.

नेरूळचा बंड्या

ताई, एवढा विचार कशाला? ब्लूटूथवाली तयार आर्केड स्टिक घ्या. पायला थेट जोडता येईल. मेगा ड्राइव्हच्या पोर्टला ब्लूरेट्रोचा अ‍ॅडॅप्टर लावा. त्यात ईएसपी३२ चिप असते आणि ब्लूटूथ कंट्रोलर जुन्या कन्सोलवर चालवायला तो बनवलाय. वायरींचा गुंता नाही, हॉलमध्ये कोणी अडखळून पडणार नाही. विषय संपला.

कासवछाप (ठाणे)

विषय संपला नाही बंड्याशेठ, आत्ता कुठे सुरू झालाय.

ताई, स्टिकच्या आधी टीव्ही बघा. मेगा ड्राइव्हची पिवळी पिन एलईडीला लावली की टीव्ही ते चित्र ताणतो, घासतो, पुसतो आणि मग दाखवतो. गेम सेकंदाला ६० चित्रं काढतो, म्हणजे एक चित्र साधारण १६.७ मिलिसेकंदांचं. टीव्हीने चार-पाच चित्रांचा उशीर केला तर गोळी लागून गेल्यावर तुम्हाला ती येताना दिसते. मग हातात सोन्याची स्टिक दिली तरी काय उपयोग? पिक्चर सेटिंगमध्ये गेम मोड असेल तर तो चालू करा आणि शार्पनेस वगैरे सगळं बंद. याला पैसे लागत नाहीत, म्हणून कोणी सांगत नाही.

आता मुद्दा. लोक स्टिक घेताना मारामारीच्या गेमवाल्यांचे सल्ले वाचतात. त्यांना अर्धवर्तुळं फिरवायची असतात. आपल्याला तसलं काही करायचं नसतं. डोडोनपाचीत अख्खा पडदा गोळ्यांनी भरतो, पण आपल्या विमानाचा मार लागणारा भाग मधोमध जेमतेम काही पिक्सेलांचा. त्यामुळे खरं काम एकच, किंचित सरकायचं आणि थांबायचं. टक, थांब. टक, थांब. त्यासाठी लिव्हर मधून हलल्यावर स्विच वाजेपर्यंतचं अंतर कमी हवं, आणि सोडल्यावर ती झटकन मध्ये यायला हवी. बाकी दिवे, स्टिकर, रंगीत गोळे ही सगळी रोषणाई.

सगळीकडे मिळते ती सान्वा कंपनीची जेएलएफ लिव्हर. चांगली आहे, पण सैल आणि लांब पल्ल्याची. विमानांच्या गेमवाल्यांची जुनी आवडती म्हणजे सेइमित्सूची एलएस-३२, पल्ला आखूड आणि हाताला थोडी कडक. तुमच्या गेमसाठी मी डोळे मिटून एलएस-३२ म्हणेन. मिळाली नाही तर जेएलएफ घ्या, रडू नका. मात्र लिव्हरची हालचाल अडवणारी खालची चौकोनी चौकट बदलून अष्टकोनी लावायचा मोह टाळा. चौकोनात तिरकं गेलं की लिव्हर कोपऱ्यात जाऊन बसते, बघावं लागत नाही, आणि पळ काढताना आपण तिरकेच पळतो.

गोळा की दांडा? तुमच्यासाठी गोळा. मुठीत आवळायचा नाही. तळवा स्टिकच्या पेटीवर टेकवायचा, गोळा अंगठा आणि दोन बोटांत अलगद, आणि हालचाल मनगटातून. काही जण हात उताणा करून दांडा मधलं बोट आणि अनामिका यांच्यात धरतात, त्यात अंगठा जवळजवळ मोकळाच राहतो. दोन्ही करून बघा. पॅडवर अंगठा एकटा राबतो, इथे त्याला सुट्टी मिळते. तरीही कळ आली तर डॉक्टरीणबाईंचं ऐका, माझं नको.

मी वागळे इस्टेटला कंट्रोल पॅनेल बनवतो. दिवसभर पुश बटण, लिमिट स्विच आणि फेरुल हेच हातात, त्यामुळे बनवा असंच सांगणार. तयार स्टिक बहुतेक यूएसबी किंवा ब्लूटूथच्या असतात, मेगा ड्राइव्हला नऊ पिनी पोर्ट लागतो. सेगाची स्वतःची जुनी आर्केड पॉवर स्टिक होती, तीन बटणं आणि टर्बोची म्हणजे ऑटोफायरची (बटण धरलं की आपोआप टपटप मारा) सोय, पण ती आता संग्राहकांच्या भावात जाते आणि आतले स्विच किती मार खाल्लेले आहेत ते उघडल्याशिवाय कळत नाही.

पेटीच्या बाजू १२ एमएम प्लायच्या करा. वरचा पत्रा मात्र प्लायचा नको. जपानी ३० एमएम बटणं कानावर दाबून बसतात, ते कान पातळ पत्र्यात अडकतात, जाड प्लायमध्ये अडकायला जागाच नसते. वर ३ एमएमची हायलम शीट टाका, कडक बेकलाइटसारखा पत्रा असतो तो. आमच्याकडे पॅनेलमध्ये तीच वापरतात. ३० च्या होल सॉने सावकाश छिद्रं पाडा, खाली लाकडाचा तुकडा धरून, नाहीतर कडा फुटतात. स्टार्टला २४ एमएमचं छोटं बटण, आणि ते हातापासून लांब. ऐन लढाईत पॉज झाला की संताप येतो.

दोन मशिनांचा प्रश्न. एकाच स्विचला दोन्ही सर्किट कायमची जोडू नका, बंद असलेलं सर्किट चालू असलेल्याचा सिग्नल ओढून गोंधळ घालतं. पेटीत सर्किटच ठेवू नका. चार दिशा, सहा बटणं, स्टार्ट आणि एक कॉमन ग्राउंड, झाल्या बारा तारा. त्या पेटीच्या पाठीला १५ पिनी डी कनेक्टरवर आणा. मग दोन वेगळ्या शेपट्या करा. एका शेपटीच्या टोकाला छोट्या डबीत तुमच्या चिनी पॅडचं सर्किट आणि नऊ पिनी वायर. दुसरीला ‘झिरो डिले’ नावाचा स्वस्त यूएसबी बोर्ड. नाव झिरो आहे, उशीर झिरो नाही, पण पायवर चालून जातो.

पॅडच्या सर्किटवर डाग देताना काळजी घ्या. बटणाखालचे काळे ठिपके कार्बनचे असतात, त्यांच्यावर सोल्डर बसत नाही, उलट ठिपका उखडतो. त्या ठिपक्यातून निघणारी बारीक रेघ पकडा, तिच्यावरचा हिरवा थर ब्लेडच्या टोकाने नखभर खरवडा, तांबं चमकलं की आधी त्यावर सोल्डरचा पातळ थर द्या आणि मग तार. वर गरम गोंदाचा ठिपका, म्हणजे तार ओढली गेली तरी रेघ उपटणार नाही. पोर्टवर सिलेक्ट नावाची एक पिन आहे, कन्सोल ती वर-खाली करून त्याच तारांवर एकदा बी आणि सी, एकदा ए आणि स्टार्ट विचारतो. म्हणूनच नुसते स्विच थेट पोर्टला जोडून तीन बटणं मिळत नाहीत, मधे पॅडचं सर्किट लागतंच.

लिंबूटिंबू

मधेच तोंड घालतो. लहानपणी आमच्या कॅसेटवाल्या गेमसोबत बदकं मारायची बंदूक होती. ती अजून माळ्यावर आहे. नव्या टीव्हीवर एकही बदक मरत नाही. बंदूक गेली की डोळे गेले?

कासवछाप (ठाणे)

दोन्ही ठीक असतील, टीव्ही बदललाय. ट्रिगर दाबला की पडदा क्षणभर काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो आणि नळीतला सेन्सर तो उजेड शोधतो. हा हिशोब जुन्या काचेच्या टीव्हीच्या वेळेवर बांधलाय. एलईडी ते चित्र उशिरा दाखवतो, तोपर्यंत गेमने ‘नेम चुकला’ असं ठरवलेलं असतं. नव्या टीव्हीसाठी सिंडेन नावाची बंदूक निघालीय, तिच्यात कॅमेरा आहे आणि तो पडद्याभोवतीची पांढरी चौकट बघून नेम काढतो. पण ती काँप्युटर आणि पायसाठी, तुमच्या कॅसेटवाल्याला नाही. माळ्यावरची बंदूक विकू नका, एखादा काचेचा टीव्ही मिळाला तर मजा येईल.

सानपाडा फास्ट

ढगफुटी, लिव्हर नसलेल्या पेट्या पण बघ. चारही दिशांना बटणंच. टक-थांब खेळायला याहून नेमकं काही नाही, कारण बटण एकतर दाबलेलं असतं नाहीतर नसतं, मधला प्रवासच नाही. एकच पंचाईत, नेहमीच्या मांडणीत ‘वर’चं बटण अंगठ्याखाली येतं. तुझ्या बाबतीत ते आगीतून फुफाट्यात. बनवून घेत असशील तर ‘वर’ मधल्या बोटाच्या डोक्यावर घे, कीबोर्डवरच्या बाणांसारखं.

ढगफुटी (ऐरोली)

सगळ्यांचे आभार. गेम मोड सापडला! रिमोटवर नव्हताच, मेनूच्या पोटात तिसऱ्या पानावर लपला होता. लगेच फरक जाणवला, ट्रक्स्टनमध्ये विमान बोटाबरोबर चालायला लागलं.

लिव्हर नको असं नाही वाटत, मला हातात काहीतरी धरायचंय. कासवछाप, दोन शंका. थंडर फोर्सला तीन बटणं पुरतात, गोळी, शस्त्र बदलणं आणि वेग. मग सहा कशाला? आणि ऑटोफायर ठेवू का? सतत बटण बडवून आता उजवा हातही कुरकुरतोय.

कासवछाप (ठाणे)

छिद्रं सहा पाडा, तारा आत्ता तीनच जोडा. उरलेली ऑटोफायरच्या कामी येतील.

ऑटोफायर जरूर ठेवा, लाज कसली? हडसन कंपनीचे ताकाहाशी मेइजिन सेकंदाला १६ वेळा बटण दाबायचे म्हणून जपानात प्रसिद्ध झाले. ते त्यांचं कामच होतं. आपल्याला सकाळी कामावर जायचंय. पण ते सगळ्या बटणांना लावू नका. आर-टाइपमध्ये बटण दाबून धरलं की मोठा मारा साठत जातो, ऑटोफायर चालू असेल तर तो कधीच साठणार नाही. डोडोनपाचीत टपटप मारलं की पसरट गोळ्या, दाबून धरलं की लेझर आणि विमान सावकाश. दोन्ही लागतात, तेही क्षणात. म्हणून एक साधं बटण आणि त्याच कामाचं दुसरं ऑटोफायरचं, शेजारी शेजारी. पायवर हे मेमच्या (जुने आर्केड गेम चालवणारा प्रोग्रॅम) ऑटोफायर प्लगइनने होतं, एक तारही न हलवता. गॅलागात मात्र फार फायदा नाही. तिथे तुमच्या दोनच गोळ्या एका वेळी पडद्यावर राहतात, त्यामुळे बडवण्यापेक्षा नेम धरा.

मेगा ड्राइव्हसाठी तुमच्या पॅडवर टर्बोचे स्विच आहेत का बघा. अशा स्वस्त पॅडवर अनेकदा असतात. असतील तर सर्किटसकट फुकटात मिळाले.

ढगफुटी (ऐरोली)

आहेत! तीन छोटे सरकते स्विच, वर चिनी अक्षरं, त्यामुळे मी कधी हात लावला नव्हता.

सोल्डरिंग मला येत नाही. सेक्टरमधला मोबाइल रिपेअरिंगवाला करेल का? आणि मांडीवर घ्यायची तर पेटी केवढी करू?

कासवछाप (ठाणे)

तो डोळे झाकून करेल, त्याची रोजची कामं याहून बारीक. फक्त कोणती रेघ कोणत्या बटणाची ते आधी मल्टिमीटरने शोधून कागदावर मांडून द्या, नाहीतर तो फोटो काढतो, फोन फॉरमॅट होतो आणि आपण बसतो. लिव्हर आणि बटणांसाठी लॅमिंग्टन रोडला जाणार असाल तर रविवारी जाऊ नका. लिव्हर अस्सल घ्या, बटणं साधी चालतील, ती पुढे दोन मिनिटांत बदलता येतात.

पेटी ४० सेंटिमीटर रुंद, २५ खोल. लिव्हर आणि पहिलं बटण यांच्यात एक वीत सोडा. खांदे आवळले की मानही धरते. तळाला जाड प्लाय लावा, पेटीला वजन हवं, आणि खाली स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये घालतात ती जाळीची रबरी चटई, म्हणजे मांडीवरून घसरणार नाही. ऐरोली खाडीकाठची, पावसाळ्यात स्विचच्या पत्र्यांना गंज धरतो. तळ स्क्रूचाच ठेवा, फेविकॉल लावून कायमचा बंद करू नका.

आणि तो १५ पिनी कनेक्टर पेटीवर फीमेल लावा, मेल शेपटीला. उलट केलं तर सोफ्यावर आपटून पेटीवरच्या पिना वाकतील. शेपटी नवी करता येते, पेटी परत उघडायला तुम्हीही कंटाळाल.