गोष्ट पातळ, हवा दाट: कमी पैशातले असले साय-फाय सिनेमे सांगा की

जांबोटी_रोड

नमस्कार मंडळी, खानापूर तालुक्यातनं लिहायलोय. गेल्या आठवड्यात सलग चार दिवस पाऊस, लाईट येऊन जाऊन, त्यात एका रात्री 'स्टॉकर' बघितला. रशियन दिग्दर्शक तारकोव्हस्कीचा, १९७९ चा, अडीच तासाच्या वर आहे. आणि होतंय काय तर तीन माणसं एका बंद केलेल्या इलाख्यात शिरतात, चालतात, बसतात, भांडतात, परत येतात. राक्षस नाही, यान नाही, काय नाही. तरी संपल्यावर पडवीत आलो तर समोरचं रोजचं शेत बघायला भ्या वाटायला लागलं.

आई अर्धा तास बसली माझ्याबरोबर आणि म्हणाली, ह्यात कायच होईना की रे. होईना हे खरंच, पण मला तेच पाहिजे आहे!

विचारायचं कारण असं की आम्ही तिघं मित्र ह्या पावसाळ्यातच १५ मिनिटांची फिल्म करायची म्हणतोय. एक फोन, एक माईक आणि तिघांचे मिळून ४० हजार. सेट नाही, व्हीएफएक्स म्हणजे कॉम्प्युटरवरचे इफेक्ट येत नाहीत. तर जिथं गोष्ट नावाला आणि बाकी सगळं वातावरणावर चाललंय असले सिनेमे सांगा, आणि ते थोड्या पैशात कसं जमवलं तेपण माहीत असेल तर लिहा.

लोंढा_जंक्शन

पहिल्यांदा 'स्टॉकर'मधला रेल्वे ट्रॉलीचा सीन परत बघ, ह्या वेळी हेडफोन लावून. तिघं ट्रॉलीवर बसलेत, कॅमेरा नुसता त्यांच्या मानेवर, कानावर, गालावर, मिनिटंच्या मिनिटं. आणि रुळाचा खडखडाट हळूहळू बदलत संगीतकार आर्तेम्येव्हच्या इलेक्ट्रॉनिक संगीतात कधी मिसळतो ते कळतच नाही. मग ट्रॉली थांबते आणि तपकिरी चित्र एकदम हिरवंगार.

माझे वडील रेल्वेत होते. लहानपणी एकदा त्यांच्याबरोबर पुश ट्रॉलीवर बसलो होतो, तिनईघाटाच्या बाजूला, धुकं इतकं की पुढचे चार स्लीपर दिसायचे फक्त. थोड्या वेळानं तो खडखड आवाज ऐकू येणंच बंद होतं बघ, आणि त्याच्या खालनं दुसरंच कायतरी ऐकू यायला लागतं. मी कुणाला हे कधी सांगून पटवू शकलो नव्हतो आणि चाळीस वर्षांनी एका रशियन सिनेमात ते जसंच्या तसं सापडलं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

ते शूटिंग एस्टोनियात झालं, टालिनच्या जवळ, बंद पडलेल्या जुन्या वीजकेंद्राच्या आसपास. पहिल्यांदा शूट केलेली बरीचशी रीळं लॅबमध्ये खराब झाली म्हणून परत शूट करावं लागलं. माझं म्हणणं एवढंच की आधी जागा शोधा आणि मग लिहायला बसा. उलटं केलासा तर जागा नुसती पडद्यासारखी मागं लटकत राहते.

निपाणीकर

कमी बजेट म्हणजे 'प्रायमर' (२००४) आलाच पाहिजे, फक्त ७ हजार डॉलर! आणि 'कोहेरन्स' (२०१३), डायरेक्टरच्या स्वतःच्या घरात पाच रात्रीत शूट केलेला, नटांना पूर्ण स्क्रिप्टच दिली नव्हती, रोज ज्याची त्याला चिठ्ठी द्यायचे. ४० हजारात हेच जमण्यासारखं आहे भावा, एक घर आणि आठ माणसं.

शहापूर_वीणा

निपाणीकर, दोन्ही सिनेमे भारी आहेत पण प्रश्न तो नाही ना. 'प्रायमर' म्हणजे टाईम ट्रॅव्हलचं कोडं आहे, वही पेन घेऊन बघायचा सिनेमा, आणि 'कोहेरन्स'मध्ये पण तेच घर, तीच माणसं एकाहून जास्त होतात आणि कोण कुठल्या घरातला हेच आपण सगळा वेळ मोजत बसतो. डोकं कामाला लागलं की हवा अंगाला लागत नाही. मूळ पोस्टमध्ये मागितलंय ते वेगळं.

मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करते, त्यामुळं माझं लक्ष आवाजाकडं जास्त असतं, त्या बाजूनं सांगते. क्रिस मार्करचा 'ला जेते' (१९६२) बघाच. २८ मिनिटांचा, जवळजवळ सगळा स्थिर फोटोंचा. फोटो, एक निवेदक, कुजबुज, विमानतळाचा आवाज, बस्स. आणि मध्ये एकाच ठिकाणी, झोपलेली बाई डोळे उघडते, तेवढंच चित्र हलतं. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा अंगावर सरसरून काटा आला. कोट्यवधीचे स्फोट बघून नाही येत तो. तुमच्या फोननं फोटो निघतात ना? मग हा रस्ता तुमच्यासाठी उघडाच आहे.

गोदारचा 'आल्फाव्हिल' (१९६५) पण बघा, सेट काय नाही, त्या काळचं पॅरिसच रात्री शूट करून दुसऱ्या जगातलं शहर म्हणून दाखवलंय. त्यातला कॉम्प्युटर बोलतो तो आवाज घसा गेलेल्या, यंत्रावरनं बोलणाऱ्या एका माणसाचा आहे. एका आवाजावर अख्खं शहर उभं केलंय. तारकोव्हस्कीच्याच 'सोलारिस'मधला (१९७२) भविष्यातला हायवे म्हणजे पण त्या वेळचं टोकियोच, गाडी नुसती बोगद्यातनं जात राहते.

आणि 'द व्हास्ट ऑफ नाईट' (२०१९). १९५० च्या दशकातलं छोटं गाव, रेडिओवरचा पोरगा आणि टेलिफोन एक्स्चेंजवरची पोरगी. ती खुर्चीवर बसून लाईनी जोडत राहते, जवळपास दहा मिनिटं एकच शॉट. पुढं एक म्हातारा फोनवर बोलत असताना पडदा पूर्ण काळा होतो आणि आपण नुसतं ऐकत बसतो. काळ्या पडद्याला पैसे लागत नाहीत, पण तो लावायला छाती लागते.

निपाणीकर

पटलं ताई, तुमचं बरोबर आहे. मग त्या हिशोबानं 'मॉन्स्टर्स' (२०१०) चालेल. दोन नट, लहानशी टीम, मेक्सिको ग्वाटेमालाकडं फिरत फिरत शूट, वाटेत भेटलेली माणसंच सिनेमात घेतली, इफेक्ट डायरेक्टरनं स्वतः कॉम्प्युटरवर केले. राक्षस आहेत पण बहुतेक वेळ नुसत्या त्यांच्या खुणा दिसतात, मोडकी घरं, उलटलेली जहाजं. आपल्याकडचं पाहिजे तर आरती कदवचा 'कार्गो', २०२० मध्ये नेटफ्लिक्सवर आला. मेलेल्या माणसांना पुढच्या जन्मासाठी तयार करणारं यान, पुष्पक ६३४ए, आणि आतला विक्रांत मेस्सी एखाद्या जुन्या सरकारी ऑफिसात बसल्यासारखा शांत. तो एकटेपणा लई आवडला मला.

जांबोटी_रोड

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. 'ला जेते' काल रात्री बघितला, दोनदा. आईपण बसली आणि ह्या वेळी उठली नाही.

लोंढ्याच्या काकांचं आधी जागा शोधायचं डोक्यात बसलंय. आधी गोकाकचा झुलता पूल धरला होता पण तिथं सुट्टीला गर्दी, आणि ते सगळ्यांनी बघितलेलंय. आता हिडकल धरायलोय. धरणात बुडालेलं हुन्नूरचं विठ्ठल मंदिर, उन्हाळ्यात पाणी उतरलं की दिसतं आणि सगळे तेव्हाच फोटो काढायला जातात. आम्ही आत्ता जायचं म्हणतोय, ते पाण्याखाली असताना. काठावर एक माणूस बसलाय, पाण्याकडं बघायलाय, आणि खालनं आवाज येतोय. काय आहे ते दाखवायचंच नाही. विठ्ठल पाण्यात आणि वारकरी काठावर, एवढं लिहिलंय आत्तापर्यंत.

रविवारी जातोय, नुसता माईक घेऊन. फोनवर शूट पहिल्या दिवशी करायचंच नाही असं तिघांनी ठरवलंय.

शहापूर_वीणा

माईकला केसाळ विंड कव्हर घाला, काठावर वारा लई असतो, नुसत्या स्पंजनं भागत नाही. आणि माणूस बोलत नसताना, कोणी हलत नसताना, निदान पाच मिनिटं त्या जागेचा रिकामा आवाज घ्या. एडिटिंगला बसल्यावर सगळ्यात जास्त तोच लागतो.

लोंढा_जंक्शन

पहाटे जा. आठनंतर पलीकडच्या रस्त्यावरच्या गाड्या ऐकू येतील. आणि पावसात काठाचा चिखल धरत नाही, पाण्याच्या फार जवळ उतरू नका.