तिच्या नावाचा चेक : इंदूरच्या मुली, शिष्यवृत्ती आणि बिझनेसचं शिक्षण

मागच्या रविवारी भाची पोहे खाता खाता रडायला लागली. एमबीएला नंबर लागलाय आणि तिचे बाबा म्हणाले, "दोन वर्षांची फी नाही तर लग्न, एकच काय ते होईल." मी एमबीए केलं तेव्हा आमच्या घरातही हेच बोलणं झालं होतं. तीस वर्षं होत आली, तरी इंदूरच्या आपल्या घरांमधून ते अजून गेलेलं नाही. म्हणून हा धागा. कॉमर्स, बीबीए, एमबीए असं काहीही शिष्यवृत्तीवर, कर्जावर किंवा एखाद्या संस्थेच्या मदतीवर शिकलेल्या बायकांनी इथे मोकळेपणाने लिहावं. किती पैसे मिळाले, कुठले कागद लागले, काय हातचं गेलं, सगळं लिहा. भाची वाचणार आहे, तिचे बाबाही.

सुरुवात माझ्यापासून करते. बाबा ज्या कापड गिरणीत होते ती नव्वदच्या दशकात बंद पडली. दादाच्या इंजिनिअरिंगसाठी आईच्या पाटल्या गेल्या होत्या, माझ्यासाठी मोडायला काही उरलंच नव्हतं. अहिल्या विद्यापीठाच्या आयएमएस या मॅनेजमेंट संस्थेत माझी निवड झाली. आपल्या समाजाच्या एका लहानशा ट्रस्टने महिना ४०० रुपये मंजूर केले. फी त्यात भागत नव्हती, उरलेली मी शिकवण्या करून भरली. पण चेक माझ्या नावाचा होता आणि माझं तर बँकेत खातंच नव्हतं! बाबा सायकलवर डबलसीट बसवून मला राजवाड्याजवळच्या बँकेत घेऊन गेले. पासबुक हातात आलं तेव्हा त्यांनी ते उघडून दोनदा वाचलं. त्यानंतर कुणी 'मुलीवर एवढा खर्च कशाला' म्हटलं की बाबाच उत्तर द्यायचे, "तिची ती आणते." घरात पैशाचं बोलणं निघालं की मला स्वयंपाकघरातून बाहेर बोलवायला लागले, तेही तेव्हापासून.

आज पीथमपूरच्या एका कंपनीचा वित्त विभाग माझ्याकडे आहे. ट्रस्टने तेव्हा एकच लिहून घेतलं होतं, नोकरी लागली की एका मुलीचं एक वर्ष उचलायचं. आतापर्यंत अकरा मुलींचं उचललं.

सुदामानगर, वय २२

ताई, मी खंडवा रोडच्या आयआयपीएसमध्ये पाच वर्षांचं एमबीए करतेय. राज्याची मेधावी विद्यार्थी योजना २०१७ पासून आहे. एमपी बोर्डात बारावीला ७०% किंवा सीबीएसईत ८५% हवेत, शिवाय घरच्या उत्पन्नाची मर्यादा असते. मार्क होते, उत्पन्नही बसत होतं. अडलं ते नावात.

आपल्याकडे मुलीचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव. माझ्या आधारवर तसंच आहे. मार्कशीटवर वडिलांचं नाव नाही. समग्र आयडीत, म्हणजे मध्य प्रदेश सरकारच्या कुटुंब-ओळखपत्रात, आडनावातल्या 'ळ'चा 'ल' झालेला. तीन कागदांवर तीन मुली! सरकारी फॉर्म भरायच्या एमपी ऑनलाइनच्या कियॉस्कवर मी आणि आई चार वेळा जाऊन बसलो, तिथून वॉर्डाच्या ऑफिसात, परत कियॉस्कवर. आईने त्या पंधरा दिवसांत स्वतःच्या शिवणाचं काम बंद ठेवलं. शेवटच्या तारखेच्या दोन दिवस आधी फॉर्म पुढे सरकला.

भाचीला सांगा, समग्र, आधार, मार्कशीट आणि बँकेचं पासबुक शेजारी शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून बघ. रिझल्टची वाट बघू नकोस, आजच बघ. खात्याला आधार जोडलेला आहे ना, हेही विचार. मंजूर झालेले पैसे तेवढ्यासाठी अडकतात.

तुकोगंज

नाव जुळलं तरी पुढे नूतनीकरण असतं, हे मला कुणी सांगितलं नाही. केंद्राची कॉलेज-विद्यापीठाची शिष्यवृत्ती मिळाली होती. त्यात निम्म्या जागा मुलींच्या असतात, आता पदवीला वर्षाला १२,००० रुपये मिळतात. दुसऱ्या वर्षी पोर्टलवर पुन्हा अर्ज करायचा असतो, ५०% मार्क आणि ७५% हजेरी लागते. दोन्ही होतं माझ्याकडे. अर्जच केला नाही. मिळालीच आहे, येत राहील, असं वाटलं. बी.कॉम.ची पुढची दोन वर्षं गेली. मोबाइलमध्ये तारीख टाकून ठेवा गं.

देवासजवळच्या गावातून, आता इंदूर

मराठी आमच्या घरातच, बाहेर सगळी माळवी. मला 'गाँव की बेटी' मिळाली होती. गावात राहून बारावी फर्स्ट डिव्हिजन झालेल्या मुलीला महिना ५०० रुपये, वर्षाचे दहा महिने. शहरातल्या लोकांना हे पैसे चिल्लर वाटतील. आमच्या घरी त्या ५०० चा अर्थ देवासच्या बसचं भाडं असा होता, आणि बस म्हणजे कॉलेज. आजी म्हणायची, सरकार भाडं देतंय तर जाऊ दे तिला.

बी.कॉम. झालं, मग नोकरी करत एमबीए. आज मी शेतकऱ्यांच्या एका उत्पादक कंपनीची सीईओ आहे, तीनशेच्या वर सभासद, मुख्य माल सोयाबीन. पहिल्या बैठकीला खोलीत मी एकटीच बाई. एक आजोबा म्हणाले, मॅडम हिशेब लिहितील, भाव आम्ही ठरवू. मी वाद घातला नाही. ओलावा मोजायचं मशीन मागवलं आणि त्यांच्याच पोत्यात लावलं. १२ टक्क्यांच्या वर ओलावा निघाला की व्यापारी भाव पाडतो, हे त्यांना माहीत होतं, पण आकडा नेहमी व्यापाऱ्याच्या मशीनचा असायचा. माल दोन दिवस वाळवून विकला. पुढच्या बैठकीला त्या आजोबांनीच माझ्यासाठी खुर्ची ओढली. मार्जिन, खेळतं भांडवल, साठ्याचा खर्च हे शब्द मी वर्गात शिकले. त्या वर्गापर्यंत मला ५०० रुपयांनी पोचवलं.

एका मुलीची आई, राजेंद्रनगर

लेक राऊच्या आयआयएममध्ये आयपीएमला आहे. बारावीनंतरचा पाच वर्षांचा कोर्स, तिथे २०११ मध्ये सुरू झाला. फीचा आकडा ऐकून हे दोन दिवस बोललेच नाहीत. संस्थेची गरजू विद्यार्थ्यांसाठी मदत असते, ती उत्पन्न बघून ठरते. आमचं उत्पन्न मधलं. मदतीला जास्त, फीला कमी. शेवटी शैक्षणिक कर्ज काढलं.

कर्जाची भीती वाटणाऱ्या आयांसाठी लिहिते. कोर्स संपल्यावर साधारण वर्षभराने हप्ते सुरू होतात. मुलींना बऱ्याच बँका व्याजात अर्धा टक्का सूट देतात, ती मागावी लागते, आपणहून कुणी देत नाही. फेडताना भरलेलं व्याज आयकर भरताना आठ वर्षांपर्यंत उत्पन्नातून वजा करता येतं, मात्र जुन्या करपद्धतीत. हे मला लेकीने शिकवलं, कागदावर आकडे मांडून. कर्ज तिच्या नावावर आहे, मी सहकर्जदार. सही करताना हात थरथरला. नंतर वाटलं, घराच्या कर्जावर सही करताना कुणी मला विचारलंसुद्धा नव्हतं. इथे निदान मी वाचून सही केली.

मूळ रामबाग, सध्या पुणे

परदेशी शिकायचं असेल तर जे. एन. टाटा एन्डाउमेंट बघा. १८९२ पासून चालू आहे. सुरुवातीच्या विद्यार्थ्यांत दोन बायका होत्या, त्यातल्या एक कृष्णाबाई केळवकर, कोल्हापूरच्या डॉक्टर. ही कर्जशिष्यवृत्ती आहे, परत करावी लागते. मी मास्टर्स त्यावर केलं. मुलाखतीत मला मार्कांपेक्षा जास्त विचारलं ते परत येऊन काय करणार हे. त्याची तयारी नीट करा.

वय ४१, लोकमान्यनगर

यजमान गेले तेव्हा मी छत्तीसची. त्यांचं स्टेशनरी-छपाईचं दुकान माझ्याकडे आलं. उधारीची वही वाचता येत नव्हती, जीएसटी तर दूरच. दुकान चालवत इग्नू या मुक्त विद्यापीठातून एमबीए केलं. रात्री अकरा ते एक अभ्यास.

शिष्यवृत्त्या शोधल्या तर बहुतेकींना वयाची अट, किंवा बारावी होऊन लगेच प्रवेश घेतलेला हवा. बाई मध्येच थांबली असेल, मुलं वाढवली असतील, सासूचं केलं असेल, तर तिच्यासाठी रकाना नाही. याचा मला अजून राग येतो. आपण नेतृत्व करणाऱ्या बायका हव्यात म्हणतो, मग घर आणि दुकान एकटीने ओढून जी उभी राहिली तिच्यासाठी एक तरी रकाना ठेवा ना.

फार उशिरा एक सापडली. झोंटा इंटरनॅशनल या बायकांच्या जागतिक संघटनेची, १९९८ मध्ये सुरू झालेली, तेव्हा जेन क्लाउसमन शिष्यवृत्ती म्हणायचे. व्यवसायाचं शिक्षण घेणाऱ्या कुठल्याही वयाच्या बाईला चालायची, पदवीच्या दुसऱ्या वर्षापासून ते मास्टर्सच्या शेवटच्या वर्षापर्यंत. अर्ज झोंटाच्या क्लबमार्फत जायचा, आताचं नाव आणि अटी क्लबलाच विचारा. मला कळलं तेव्हा माझी शेवटची परीक्षा झाली होती. तुम्हाला वेळेत कळावं म्हणून लिहितेय.

कंपनी सेक्रेटरी

पदवीनंतरचं थोडं. २०१३ च्या कंपनी कायद्याने सूचिबद्ध कंपन्यांच्या संचालक मंडळावर किमान एक बाई आली. सुरुवातीला कितीतरी ठिकाणी ती मालकांच्या घरातलीच असायची. मग शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने मोठ्या कंपन्यांना स्वतंत्र, म्हणजे मालकांशी संबंध नसलेली, महिला संचालक सक्तीची केली, बाजारमूल्याने पहिल्या ५०० ना एप्रिल २०१९ पासून, १,००० पर्यंतच्यांना एप्रिल २०२० पासून. आता ताळेबंद वाचता येणाऱ्या बायका शोधत लोक येतात. जागा आहेत, मुलींनो.

एक वडील, जुनी इंदूर

इथे बायकांनी लिहायचं आहे, तरी लिहितो. मला दोन मुली. धाकटीला शिष्यवृत्ती मिळाली, एमबीए झाली, बंगळुरूला टीम सांभाळते. मोठी तिच्यापेक्षा हुशार होती. तिचंही पत्र आलं होतं, निम्मी फी माफ. उरलेली निम्मी मी देऊ शकत होतो. लग्नासाठी ठेवलेल्या पैशांना हात लावायचा नाही म्हणून दिली नाही. पत्र मी तिला दाखवलंसुद्धा नाही. धाकटीच्या वेळी कपाट आवरताना ते मोठीच्याच हाती लागलं. ती काहीच बोलली नाही. घडी करून परत ठेवलं.

भाचीच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा.

वय ४१, लोकमान्यनगर

काका, तुमच्या मोठ्या मुलीचं वय काय? पदवी झाली आहे का? इग्नूचे प्रवेश वर्षातून दोनदा असतात, जानेवारीला आणि जुलैला. फॉर्म भरायला मी येईन.

एक वडील, जुनी इंदूर

एकोणचाळीस. बी.कॉम. झालेली आहे. आज संध्याकाळी तिच्याकडे जातो. पत्र अजून माझ्याजवळ आहे, ते घेऊनच जातो.