व्हिस्कीची बाटली उभीच ठेवा

बूच ओलं राहावं म्हणून व्हिस्कीही वाइनसारखी आडवी ठेवा, असा सल्ला कुणी दिला तर कृपया पाळू नका. वाइनमध्ये अल्कोहोल १२-१४ टक्के, व्हिस्कीत ४० किंवा त्याच्या पुढे (आपल्याकडे बहुधा ४२.८). एवढं तीव्र मद्य सतत लागलं की बूच भुसभुशीत होतं आणि उघडताना बाटलीच्या मानेतच तुटतं. तुटलंच तर स्वच्छ मलमलीतून गाळून घ्या.

जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, तेव्हा खरा धोका दिवसरात्रीच्या चढउताराचा. दुपारी आतली हवा फुगून बुचाच्या कडेने सुगंध निसटतो, रात्री बाहेरची हवा आत शिरते. पत्र्याखालचं कपाट टाळाच. धाब्याच्या (मातीच्या सपाट छपराच्या) घरातली मधली अंधारी खोली उत्तम. अर्ध्याखाली गेलेली व्हिस्की लहान काचेच्या बाटलीत गळ्यापर्यंत भरून ठेवा.