मनगटी बँडचा पहिला नमुना: केस (बाहेरचं कवच), सेन्सर, बॅटरीबद्दल सल्ला हवा

धागाकर्ता: नमस्कार मंडळी. नाडीचे ठोके आणि हालचाल टिपून ब्लूटूथने फोनवर पाठवणारा बँड करायचा आहे. एनआरएफ५२८३२ चिप (प्रोसेसर आणि ब्लूटूथ एकत्र), छोटा एलसीडी, १८० एमएएचचा (मिलीअँपिअर-तास) लिथियम पॉलिमर सेल. एका चार्जिंगमध्ये पाच दिवस हवेत. केस ॲल्युमिनियमची घ्यावी का? चार्जिंगला मागे दोन पिना पुरतील? आणि पुढच्या आवृत्तीत शुगर मोजता येईल का?

हिशेबी: पाच दिवस म्हणजे १२० तास. १८० भागिले १२०, म्हणजे सगळं मिळून सरासरी १.५ मिलीअँपिअर. सेल जुना होतो, म्हणून १.२च धरा.

नाडी मोजण्यासाठी त्वचेवर प्रकाश टाकणाऱ्या हिरव्या एलईडीची भीती बाळगू नका. २० मिलीअँपिअरचा, १०० मायक्रोसेकंदांचा विजेचा पल्स सेकंदाला २५ वेळा दिला, तर सरासरी ०.०५ मिलीअँपिअर पडते. खरी गळती बॅकलाइटची. हात उचलला की स्क्रीन लागते, पण स्कूटर चालवताना, पोळ्या लाटतानाही ती लागते. १५ मिलीअँपिअर, पाच सेकंद, दिवसाला ५०० वेळा धरा: रोजचे १०.४ एमएएच, पाच दिवसांत सेलचा पाव भागाहून जास्त फुकट. हात उचलण्याचा कोन आणि त्यानंतरची अर्ध्या सेकंदाची स्थिरता, दोन्ही तपासूनच स्क्रीन लावा. प्रोसेसरला दर नमुन्याला (सेन्सरच्या प्रत्येक वाचनाला) उठवू नका. ॲक्सेलरोमीटरच्या, म्हणजे हालचालीच्या सेन्सरच्या, फिफोमध्ये (त्यातल्या छोट्या मेमरीत) नमुने साठू द्या.

पाठराखण: माझ्या मते डिझाइन स्क्रीनकडून नाही, केसच्या त्वचेला टेकणाऱ्या पाठीकडून सुरू करावं. एलईडी आणि परतलेला प्रकाश टिपणारा फोटोडायोड यांच्यामध्ये काळी भिंत हवी आणि ती काचेला टेकलेली हवी. दोघांवर एकच अखंड काच असेल तर प्रकाश त्वचेत न शिरता काचेतूनच आडवा पळतो. सेन्सरवर काळं रबर दाबून वाचन घ्या. आकडा शून्याजवळ आला नाही, तर गळती तिथेच आहे.

पट्टा सैल असेल तर बाहेरचा उजेड शिरतो, घट्ट असेल तर केशवाहिन्या दबून सिग्नलच मरतो. धावताना पावलांची लय, मिनिटाला १६० वगैरे, नाडी म्हणून दिसते. ती वजा करण्यासाठी प्रकाशाच्या आणि हालचालीच्या, दोन्ही सेन्सरचे नमुने एकाच घड्याळावर घ्या, नाहीतर वजाबाकी जुळणार नाही. सावळी त्वचा, गोंदण, गार हात यांवर चाचणी पहिल्याच आठवड्यात करा. गोऱ्या मनगटावर जुळवलेला एलईडीचा करंट इथे कमी पडतो.

धागाकर्ता: आणि पिना?

पाठराखण: घामात मीठ असतं. पिनांवर सेलचा व्होल्टेज उघडा राहिला, तर विद्युत अपघटन सुरू होतं, सोन्याचा मुलामा सूक्ष्म छिद्रांतून उखडतो आणि हिरवट थर चढतो. उलटा प्रवाह अडवणारा लोड स्विच टाका. चार्जर लागेपर्यंत पिना मृतच राहायला हव्यात. वायरलेस केलं तर हा त्रास जातो, पण कॉइल आणि फेराइटच्या (चुंबकीय पदार्थाच्या) थराने जाडी वाढते आणि उष्णता सेलशेजारीच साठते. ४५ अंशांच्या वर सेल चार्ज करू नका. सेल फुगतो, त्यासाठी जाडीच्या ८ ते १० टक्के जागा मोकळी ठेवा.

लहरी: ॲल्युमिनियम नको. २.४ गिगाहर्ट्झला पाव तरंगलांबी ३१ मिलिमीटर, म्हणजे अँटेना केसच्या कडेने वळवावाच लागतो, आणि धातू त्याला झाकतो. प्लास्टिक घ्या. मॅचिंग (अँटेना रेडिओशी जुळवणं) टेबलावर करू नका: मनगटावर बांधल्यावर अँटेनाची अनुनादाची वारंवारता खाली सरकते. मॅचिंगच्या सुट्या भागांसाठी तीन जागा बोर्डवर मोकळ्या ठेवा.

शुगरचं म्हणाल तर आत्ता नाही. प्रकाशाने मोजायचं तर ग्लुकोजचा सिग्नल पाण्याच्या शोषणाखाली गाडला जातो, त्वचेचं तापमान आणि घामही त्यात मिसळतात. न टोचता शुगर मोजणारं एकही घड्याळ वा अंगठी मंजूर केलेली नाही, असं अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, फेब्रुवारी २०२४ मध्ये बजावलं. चुकीच्या आकड्यावर कुणी इन्सुलिन घेतलं तर जिवावर बेतेल. त्यापेक्षा त्वचेच्या तापमानाचा सेन्सर घाला. तो बोर्डवरच्या चार्जिंग आयसीपासून (चिपपासून) दूर, पाठीच्या पातळ भागाला उष्णतावाहक गोंदाने चिकटवा, म्हणजे रात्रीचा कल नीट मिळेल.