१२३४५६७८९० चे मूळ अवयव हाताने कसे काढावेत?

खडू-फळा (आर्णी)
आठवीच्या पोरांना फळ्यावर १२३४५६७८९० चे मूळ अवयव काढून दाखवायचे आहेत. शेवटी शून्य, म्हणून १० ने भाग गेला. अंकांची बेरीज ४५, म्हणून ९ नेही गेला. उरले १३७१७४२१. आता ७, ११, १३ करत शंभरच्या पुढे आलो, पण भाग जातच नाही. ही मूळ संख्या समजायची का? हाताशी दुकानातला आठ आकडी कॅल्क्युलेटर आहे.

कोरडवाहू (दारव्हा)
मास्तर, इतका भागाकार काऊन करून राह्यले? वर्गमूळ ३७०३.७ येतं. तिथपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या तपासल्याशिवाय "मूळ आहे" म्हणता येत नाही, आन् त्या पाचशेच्या वर आहेत.

फर्मा या फ्रेंच गणितज्ञाची रीत लावा: संख्या दोन वर्गांच्या वजाबाकीत मांडायची. वर्गमूळाच्या लगेच वरचा पूर्णांक ३७०४. त्याचा वर्ग १३७१९६१६, त्यातून आपली संख्या वजा केली की २१९५. शेवटी ५ असलेला पूर्ण वर्ग २५ नेच संपतो, इथं ९५ आहे, बाद. पुढचा ३७०५: वर्ग १३७२७०२५, वजाबाकी ९६०४. हा ९८ चा वर्ग! म्हणून अवयव ३७०५ − ९८ = ३६०७ आणि ३७०५ + ९८ = ३८०३.

सगळे आकडे आठातच बसतात, कॅल्क्युलेटर पुरतो. ओळीनं भागत बसले असते तर ३६०७ ही ५०४ वी मूळ संख्या. दोन्ही मूळ आहेत हे मात्र पोरांकडूनच तपासून घ्या. ३६०७ साठी ५९ पर्यंत, ३८०३ साठी ६१ पर्यंत.

खडू-फळा (आर्णी)
दोनच पायऱ्या! पण वजाबाकी वर्ग आली की अवयव का मिळतात, हे सूत्र न सांगता कसं पटवू?

संत्राबाग (वरुड)
२० ओळी, ओळीत २० झाडं. एका कोपऱ्यात विहिरीसाठी २×२ झाडांची जागा सोडली. राहिली ३९६. विहिरीकडच्या दोन ओळींत १८-१८ च झाडं आहेत; त्या दोन्ही उचलून बाजूला उभ्या लावा. १८ ओळी, दर ओळीत २२, म्हणजे (२० − २) × (२० + २). खडूचे ठिपके काढून दाखवलं की पुरे.

कोरडवाहू (दारव्हा)
एक सांगायचं राहिलं. ही रीत अवयव जवळजवळचे असले तरच झपाट्यानं चालते. ९८७६५४३२१० घ्या. अंक कसेही उलटसुलट केले तरी बेरीज ४५ च, म्हणून ९० काढून उरतात १०९७३९३६९. इथं फर्मा लावला तर १०४७६ पासून १९०००५ पर्यंत जावं लागेल, जवळपास १ लाख ८० हजार पायऱ्या. उलट १७ ने साधा भागाकार केला की लगेच जातो, तोही दोनदा, उरतात ३७९७२१. म्हणून आधी शंभरच्या आतल्या २५ मूळ संख्या, मग फर्मा. तुम्ही नकळत बरोबर क्रमानंच चालले होते.

संत्राबाग (वरुड)
१२३४५६७८९० = २ × ३ × ३ × ५ × ३६०७ × ३८०३. याचे विभाजक मोजताना पोरं हमखास ३२ सांगतील, कारण ३ एकदाच धरतात. ३ चा घात २ आहे, म्हणून त्याचे ३ पर्याय: २ × ३ × २ × २ × २ = ४८.