तवा, फरशी, दप्तर आणि गोळी

गंजका पाना: 'पोटावर तवा, छातीवर फरशी, पाठीला पुस्तकांचं दप्तर, झालं चिलखत' असा सल्ला परवा इथे कुणीतरी दिला आणि त्यावर वाहवाही झाली. डोकं फिरलं म्हणून सविस्तर लिहितोय. आधी गोळी कुठली ते सांगा. 9 मिमी पिस्तुलाची 8 ग्रॅमची गोळी सेकंदाला 360 मीटरच्या आसपास येते, म्हणजे जेमतेम 500 जूल. 7.62×51 रायफलची 9.6 ग्रॅमची गोळी 847 मीटरने, म्हणजे सुमारे 3,440 जूल. दोन्हींना एकच तवा? तव्याचं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ठिसूळ असतं. तवा फुटतो आणि त्याचेच तुकडे पोटात शिरतात. चिलखतातलं सिरॅमिक दाट अॅल्युमिना नाहीतर बोरॉन कार्बाइडचं, मागे तंतूंचा जाड थर चिकटवलेला. सिरॅमिक गोळी फोडतं, थर तुकडे झेलतो. न्हाणीघरातल्या फरशीमागे काय असतं? तुमची छाती.

उलटतपासणी: एवढं तावातावाने लिहायला काय झालं? भरगच्च ठासलेलं, फूटभर जाडीचं वाळूचं पोतं रायफलची गोळी अडवतं. तेही रोजच्या वापरातलंच की. आणि तो दरोडेखोर नेड केली? 1880 साली ऑस्ट्रेलियात नांगराच्या पात्यांचं चिलखत घालून उभा राहिला, पोलिसांच्या मार्टिनी-हेन्री रायफलच्या गोळ्या त्यावरून परतल्या.

गंजका पाना: आलंच केलीपुराण! 44 किलोचं धूड, पाय उघडे, आणि पायांवरच गोळ्या खाऊन आडवा झाला, हे सोयीस्कर विसरलात. मार्टिनीची गोळी जड पण मऊ शिशाची, वेग 400 मीटरच्या घरात. आजची 5.56 रायफलची गोळी साडेतीन ग्रॅमची, पण जवळून 900 मीटरच्या वर. साध्या 6 मिमी एमएस (मऊ पोलादाच्या) पाटातून आरपार जाते.

ऐरण: एमएस कोण वापरतंय? युक्रेनमध्ये 2022 साली लोकांनी गाड्यांच्या कमानपाट्यांपासून चिलखताच्या प्लेटा केल्या. ते स्प्रिंग स्टील. मात्र पाटा वाकलेला असतो आणि गॅसने लाल करून सरळ केला की त्याचं पाणी उतरतं, म्हणजे कडकपणा जातो. पुन्हा तापवून तेलात बुडवायचा आणि त्यानंतर कमी तापमानाला परत तापवून ठिसूळपणा काढायचा. ही शेवटची पायरी गाळली तर काचेसारखा तडकतो. पट्ट्या वेल्डिंगने जोडू नयेत, टाक्याच्या दोन्ही अंगाला पोलाद मऊ पडतं.

उलटतपासणी: जोडायच्या नाहीत तर फटीत गोळी बसल्यावर काय, नमस्कार करायचा?

ऐरण: फटीमागे आणखी एक पट्टी. वजन वाढतं, इलाज नाही. न वाचता टोमणे मारायची सवय सोडा.

गंजका पाना: पट्ट्यांचं राहू द्या, शिंतोड्यांचं काय? कडक पोलादावर गोळी फुटते आणि तुकडे पाटाच्या अंगाने उडतात. हनुवटी, गळा, दंड यांची चाळण. पाटावर रबराचा किंवा तंतूंचा थर हवाच. तो या 'घरगुती' फोटोंत कधी दिसत नाही. आणि 25×30 सेंमी, 6 मिमीचा एक पाट साडेतीन किलो. पुढे-मागे सात.

कासव: कुणी धक्क्याबद्दल बोलेल का? एनआयजेच्या (चिलखतांची मानकं ठरवणारी अमेरिकी सरकारी संस्था) चाचणीत चिलखतामागच्या मातीत 44 मिमीपेक्षा खोल खळगा पडला तर माल नापास, गोळी अडली असली तरी. तवा समजा फुटला नाही, तरी तो बरगड्यांवर किती आत येतो हे मोजलंय कुणी? दप्तरातल्या लॅपटॉपचंही तेच, वर लिथियम बॅटरीला भोक पडलं की पाठीला आग.

उलटतपासणी: बरं महाराज, तवा मागे घेतला. फरशीही. पोतं नाही घेणार.

गंजका पाना: घेऊ नका, ते बरोबरच आहे. फक्त अंगावर बांधून धावून दाखवा. आता कुणीतरी गाडीचं दार काढणार, म्हणून आधीच सांगतो: दाराचा पत्रा एक मिमीसुद्धा नसतो. लपायचंच तर इंजिनाच्या आणि पुढच्या चाकाच्या आड.