मदत हवी आहे: बिझनेस सिम्युलेशन, ऑनलाइन टीम आणि रात्री बदलणारे आकडे

कोराकागद:
मंडळी, जरा मदत हवी आहे. एमबीएच्या शेवटच्या सत्रात आम्हाला बिझनेस सिम्युलेशन आहे. सहा टीम, प्रत्येकीची एक कंपनी, सगळ्यांचा माल एकाच बाजारात. आठ राउंड म्हणजे कंपनीची आठ वर्षं. आमच्या टीममध्ये पाच जण. कोर्सच ऑनलाइन असल्यामुळे एकमेकांना प्रत्यक्ष कधी पाहिलेलं नाही. दोघं नोकरी करून शिकतात, एक जण वेगळ्या टाइमझोनमध्ये आहे. तीन राउंड झाले आणि आम्ही पाचवे आहोत. (सहावी टीम लॉगिन तरी करते का, देव जाणे.)

कामं पहिल्याच कॉलवर वाटून घेतली होती: आर अँड डी, मार्केटिंग, प्रॉडक्शन, फायनान्स, आणि मी म्हणे 'सीईओ'. कागदावर झकास. तिसऱ्या राउंडला काय झालं ते सांगतो. विक्रीचा फोरकास्ट (अंदाज) होता १,१०० हजार नगांचा, प्रॉडक्शनही तेवढंच लावलेलं. फायनान्सवाल्याने नऊ वाजता कॅश तपासली, ठीक होती, तो झोपला. दहा वाजता मार्केटिंगवालीने किंमत वाढवली आणि फोरकास्ट ८५० वर आणला. तिच्या बाजूने बरोबरच होतं. पण प्रॉडक्शनचा आकडा कुणी हलवलाच नाही. वर ऑटोमेशनवरचा खर्चही वाढलेला होता. विक्री झाली ८७०, गोदामात २३० पडून, कॅश उणे, इमर्जन्सी लोन.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सगळे अंगठे दाखवतात, मत कुणी देत नाही. कॉल दीड तास चालतो आणि शेवटी 'बघू या' वर संपतो. अशा टीमकडून काम कसं करून घ्यायचं?

निवांत_पाटी:
'काम करून घ्यायचं' इथेच गाडी अडलीये बहुतेक. असो. पीअर इव्हॅल्युएशन, म्हणजे टीममधल्यांनीच एकमेकांचं मूल्यमापन करणं, आहे ना? मग घाबरू नकोस.

ताळेबंद:
एक विचारू? डेडलाइनआधी शेवटचा सेव्ह कुणाचा होता?

कोराकागद:
माझा. अकरा चाळीसला. ऑटोमेशन मीच वाढवलं. ग्रुपवर विचारलं होतं, वीस मिनिटं कुणाचं उत्तर नाही, म्हटलं आपणच करून टाकू.

ताळेबंद:
वाटलंच होतं. रागवू नकोस, मीही हेच केलं होतं. आम्ही खेळलो ते कॅपसिम कंपनीचं 'कॅपस्टोन' नावाचं सिम्युलेशन. त्यात इमर्जन्सी लोन देणाऱ्या सावकाराचं नावच 'बिग अल' आहे. नेहमीचं व्याज तर लावतोच, वर ७.५ टक्के दंड. दोनदा त्याच्या दारात गेलो तेव्हा डोकं ठिकाणावर आलं.

तुमच्या पाचांपैकी एकाचाही आकडा तसा चुकलेला नाही. दोन आकडे जिथे एकमेकांना भिडतात तिथे कुणाची ड्यूटी नव्हती. फोरकास्टवर प्रॉडक्शन अवलंबून, प्रॉडक्शनवर कॅश. म्हणून क्रम ठरवा. आधी आर अँड डी आणि मार्केटिंग, मग प्रॉडक्शन, फायनान्स सगळ्यात शेवटी. पुढच्याने सेव्ह केलं की मागच्याने आपल्या आकड्याला हात लावायचा नाही. लावायचाच असेल तर पुढच्या सगळ्यांना उठवायचं. झोपेतून उठवायची लाज वाटते, त्यामुळे निम्मे बदल आपोआप टळतात. डेडलाइन मध्यरात्रीची असेल तर तुमची स्वतःची आदल्या दिवशीची ठेवा. नोकरीवाले आणि टाइमझोनवाला दोघांचीही सोय होते.

सीईओने कुठलाच विभाग घ्यायचा नाही. शेवटी प्रोफॉर्मा ताळेबंद (भरलेल्या आकड्यांवरून राउंडअखेरचा अंदाजी ताळेबंद) उघडून फोरकास्टपेक्षा विक्री कमी झाली तर कॅश उरते का, एवढंच बघायचं. तुमचं लोन त्या पानावर आधीच दिसत असणार, फक्त ते पान कुणी उघडलं नाही.

जुना_भिडू:
वरचं सगळं मान्य. कॉलबद्दल माझी भर. १९८५ मध्ये स्टॅसर आणि टायटस या मानसशास्त्रज्ञांनी गटचर्चेवर प्रयोग केला होता. सगळ्यांना आधीच ठाऊक असलेल्या गोष्टीच गटात चघळल्या जातात, एकट्यादुकट्याकडची माहिती बाहेर येत नाही, असं त्यात दिसलं. ऑनलाइन कॉलवर तर हे हमखास होतं. ज्याने प्रतिस्पर्ध्यांचा रिपोर्ट वाचलाय तो म्यूटवर असतो आणि न वाचलेला बोलत असतो. म्हणून कॉलच्या आधी प्रत्येकाने शीटमध्ये आपला आकडा आणि एका ओळीत कारण लिहायचं. फोरकास्ट तर पाचही जणांनी वेगवेगळा लिहा, एकमेकांचा न पाहता. ९०० आणि १,२०० असे आले तर तेवढ्यावरच बोला. पाऊण तासात कॉल संपतो.

आणि अंगठा बंद करा. अंगठ्याचा अर्थ 'वाचलं', 'पटलं' की 'झोपलोय', कुणालाच कळत नाही.

निवांत_पाटी:
अंगठ्याचं खरंय 😄

कोराकागद:
सगळ्यांचे आभार. आज ग्रुपवर आधी ऑटोमेशनची कबुली दिली. दहा मिनिटं शांतता. मग फायनान्सवाल्याने लिहिलं की त्याला दुसऱ्या राउंडपासून कॅशची धास्ती वाटत होती, पण 'सीईओने ठरवलंय' म्हणून तो बोलला नव्हता. शीट तयार केलीये, फोरकास्टचे पाच रकाने वेगळे. आता एकच शंका: शेवटी तपासणारा माणूस दर राउंडला बदलायचा का?

ताळेबंद:
इतक्यात नको. चौथ्या आणि पाचव्या राउंडला एकच ठेवा, तपासायची सवय लागू दे. आणि तो फायनान्सवाला असू दे, तू नको.

कोराकागद:
बरं. 😅